आठ वाजताची खुळखुळ

डॉक्टरबाईंनी आधी उठून दार लावून घेतलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर स्वतः उठून दार लावतात, तेव्हा समजावं की आपलं काही खरं नाही. मग खुर्चीत बसत त्या म्हणाल्या, "वसंतराव, तुमच्या तिन्ही टेस्ट रिॲक्टिव्ह आल्यात."

रिॲक्टिव्ह म्हणजे रक्तात एचआयव्हीची खूण सापडली. एका टेस्टमध्ये चूक होऊ शकते, म्हणून तीन वेगवेगळ्या टेस्ट करतात. हे सगळं मला नंतर समजलं.

"घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"बंगला असतो," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही विनोद करत नव्हतो, खरंच तेवढंच होतं. लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला एका बंगल्याचा मी केअरटेकर होतो, एकोणीस वर्षं. मालक मुंबईला राहायचे, शनिवार-रविवारी यायचे. बंगल्यामागं एक खोली आणि मोरी, ते माझं घर. बायको फार वर्षांपूर्वी पटलं नाही म्हणून माहेरी गेली आणि तिनं दुसरा संसार मांडला. मूलबाळ नाही. थोरला भाऊ गावाकडं, आत मावळात. माझी नोकरी आणि माझं छप्पर एकाच दोरीला बांधलेलं होतं. ती तुटली की दोन्ही जाणार, हे त्या खुर्चीतच माझ्या लक्षात आलं. मरणाची भीती नंतर वाटली. आधी खोलीची वाटली.

हा आजार कुठून लागला, हे लोक सगळ्यात आधी विचारतात. ते मी सांगणार नाही. पायात काटा मोडला की आधी काटा काढतात, कुठल्या बाभळीचा ते विचारत बसत नाहीत. मी हे लिहितोय ते अशा कुणासाठी, ज्याच्यासमोर कुणीतरी असंच उठून दार लावून घेतलं असेल. माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये.

त्याआधी तीन महिने अंगात कणकण होती. दुपार कलली की ताप चढायचा. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला होता, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. पँट दोरीनं बांधायची वेळ आली. मालकीणबाई एका रविवारी म्हणाल्या, "वसंत, डाएट करतोस की काय?" मी हसलो. घरगुती काढे झाले, दोन खासगी डॉक्टर झाले, आणि शेवटी तिसऱ्यानं मला रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवलं.

मग सीडी फोर तपासलं. सीडी फोर म्हणजे रक्तातल्या राखणदार पेशी. धडधाकट माणसात त्या पाचशेच्या वर असतात, माझ्या एकशे अठरा होत्या. बंगल्याचा राखणदार मी, आणि माझ्या अंगातले राखणदार पळून गेलेले. छातीचा फोटो काढला, टीबी नव्हता. रांगेत माझ्यापुढं एक बाई पदर तोंडावर ओढून उभी होती. मीही रुमाल बांधला होता. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो.

"रोज एक गोळी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकाच वेळेला, एकही दिवस न चुकवता, जन्मभर. ही चुकवली नाही तर तुम्ही म्हातारे व्हाल. चुकवली तर विषाणू या औषधाला सरावतो, आणि मग तेच औषध त्याचं काही वाकडं करू शकत नाही."

या औषधोपचाराला एआरटी म्हणतात. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. पांढरी प्लास्टिकची बाटली, आत तीस गोळ्या आणि ओल शोषणारी एक बारकी पुडी. मी ती पिशवीत टाकून एसटीत बसलो. रस्त्याला खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला बाटली खुळखुळ वाजायची. मला वाटलं सगळ्या गाडीला ऐकू जातंय. शेजारच्या आजी म्हणाल्या, "खुळखुळा घेतलास व्हय रं बाळासाटी?" मी मान हलवली आणि लोणावळा येईपर्यंत पिशवी पोटाशी घट्ट धरून बसलो. बाटली थांबली, छाती थांबेना.

त्या भीतीतनं चूक जन्माला आली.

लोणावळ्याची ओल ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. मिठाचं पाणी होतं, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशीची लव उगवते. म्हणून बंगल्यांतून कपड्यांच्या कपाटात खालच्या बाजूला साठचा बल्ब लावून ठेवतात, पावसाळ्याचे चार महिने तो विझवायचा नाही. एकोणीस वर्षं मी मालकांची ब्लँकेटं, शाली, सूट असे कोरडे ठेवले होते. त्यात माझा हात धरणारा त्या रस्त्याला कुणी नव्हता.

मी बाटलीवरचं लेबल खरवडलं, गोळ्या बूट पॉलिशच्या रिकाम्या डबीत काढल्या, मध्ये कापूस कोंबला म्हणजे वाजायला नकोत. ती बारकी पुडी फेकून दिली. बाटली पाण्याच्या बंबात घालून जाळली. माझ्या खोलीच्या भिंतींना हात लावला तर तळवा ओला व्हायचा, म्हणून डबी ठेवली मालकांच्या बेडरूममधल्या कपाटात, ब्लँकेटांच्या मागं, बल्बच्या उबेला. घरातली सगळ्यात कोरडी जागा. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी संध्याकाळी मालक यायचे ते रविवारी रात्री जायचे. ते असताना त्या खोलीत मी कसा शिरणार? दोन गोळ्या आधीच काढून खिशात ठेवाव्यात, तर त्या कुणाला दिसतील याची धास्ती. शुक्रवार, शनिवार, कधी रविवारही, गोळी राहायची. वाटायचं, पाच दिवस तर घेतोय. कामाला सुट्टी असते तशी गोळीला दोन दिवस सुट्टी. महिन्याला आठ-नऊ गोळ्या उरायच्या. केंद्रात गेलं की सिस्टर उरलेल्या गोळ्या मोजायच्या. म्हणून उरलेल्या मी आदल्या दिवशी बंबात टाकायचो आणि सांगायचो, "संपल्या, बाटली टाकून दिली."

सहा महिन्यांनी व्हायरल लोड तपासला. म्हणजे रक्ताच्या थेंबात विषाणू किती आहेत त्याची मोजणी. औषध लागू पडलं असेल तर तोवर तो सापडूसुद्धा नये. माझा तेवीस हजार आला.

"डोस चुकतात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकही नाही, मॅडम."

त्यांनी तीन महिने दर खेपेला समजावलं. मग पुन्हा तपासला तर तो एकतीस हजार झाला होता. मी पुन्हा तेच सांगितलं. खोट्याचं असं असतं, पहिल्यांदा जीभ अडखळते, तिसऱ्यांदा आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं.

त्याच सुमारास एका रविवारी मालकीणबाईंनी शाल काढायला कपाट उघडलं आणि त्यांच्या हाताला डबी लागली. "वसंत, या कसल्या गोळ्या?" मी म्हणालो, ताकदीच्या. त्यांनी गोळीवरचे आकडे मोबाइलवर टिपून घेतले. मंगळवारी फोन आला. आवाज अगदी गोड होता. म्हणाल्या, "तू आधी बरा हो. आम्हाला खोली लागणार आहे रे." शेजारच्या बंगल्याच्या वॉचमननं नंतर सांगितलं, त्यांनी सगळ्या गाद्या बदलल्या. या आजारासाठी कुणाला कामावरून किंवा घरातून काढायला कायद्यानं बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही आधीच माहीत करून घ्या.

मी गावी भावाकडे गेलो. त्याला खरं सांगितलं. "घरात ल्हान पोरं हायेत, वसंता," तो म्हणाला. "तू गोठ्यात झोप. जेवान तितंच आनून देतो." माझं ताट वेगळं ठेवलं, वहिनी ते राखेनं वेगळं घासायची. भाऊ वाईट नाही. घाबरला होता, माझ्यासारखाच. तीन आठवडे मी म्हशीच्या अंगाची ऊब घेत काढले. तिनं मात्र काही विचारलं नाही.

गोळ्या आणायला केंद्रात गेलो तेव्हा तिथल्या काउन्सेलरनं एका घराचा पत्ता दिला. सोमाटणे फाट्यावर उतरून आत पंधरा मिनिटं चालत. एचआयव्हीसह जगणाऱ्या, पण राहायला जागा नसलेल्या लोकांसाठी एका लहान संस्थेनं चालवलेलं बैठं घर, पुढं लिंबाचं झाड. आम्ही नऊ जण होतो. घर सांभाळायच्या विद्याताई, पन्नाशीच्या, बोलायला सडेतोड. तब्येत सावरेपर्यंत तिथं राहायचं, मग बाहेर खोली बघून द्यायला त्याच मदत करतात आणि पुढंही येऊन-जाऊन असतात.

दारात फळा होता: 'औषध वेळेवर घेणे बंधनकारक.' विद्याताईंनी अर्ज भरताना विचारलं, "डोस चुकवता?" मी म्हणालो, "कधीच नाही." खरं सांगितलं तर हे छप्परही जाईल, असं मी धरून चाललो होतो. एक गेलं होतं, दुसऱ्यातून गोठ्यात आलो होतो, तिसरं घालवायची हिंमत नव्हती.

त्या घराची एक रीत होती. स्वयंपाकघरात उघड्या फळीवर, मिठा-साखरेच्या डब्यांशेजारी, सगळ्यांच्या बाटल्या ओळीनं. प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत नाव. मी विद्याताईंना म्हणालो, "पूर्ण नाव नको. नुसतं 'व' लिहा."

"मग गोळी कुणाला द्यायची, नुसत्या 'व'ला?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

दुसरी रीत याहून अवघड. रात्री आठला जेवणाआधी सगळे बसायचे. आपली गोळी आपण घ्यायची नाही. जोड्या लावलेल्या असत. जोडीदारानं तुमच्या बाटलीतली गोळी काढून तुमच्या तळहातावर ठेवायची, तुम्ही त्याच्या. माझ्या जोडीला हौसामावशी होत्या, साठीच्या, आंदर मावळातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या. नवरा गेल्यावर दिरानं त्यांना बाहेर काढलं होतं. आम्ही बौद्ध, वस्ती गावाच्या कडेला. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातावर गोळी ठेवताना बोट लागू नये म्हणून वरून टाकली. ती खाली पडली.

मावशींनी ती उचलून माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, "नीट ठिव. गावात आसते तर तुज्या हातचं पानीबी घेतलं नसतं. लोकांनी घराभायेर काडलं आसतं. आता काडलंच हाय, मंग कशाला भ्यायचं?"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, बऱ्याच महिन्यांनी. पण गोळी गिळताना मी दाराकडं बघितलं. ती सवय जात नव्हती. रोज आठला, कुणी येत नसलं तरी, आधी दाराकडं बघायचं आणि मग गिळायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी मावशींनी विचारलं, "वसंता, गोळी चोरलेली हाय का रं तुजी? कदी चुकवल्यास?"

"न्हाई, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भाकरी मोडायला लागल्या. त्या 'बरं'मुळं मला दोन दिवस झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात केंद्रात तारीख होती. विद्याताई सोबत आल्या. बाकावर तीन तास बसलो. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या हातात माझी फाइल होती. त्या म्हणाल्या, "गोळ्या पूर्ण घेऊनही व्हायरल लोड वाढतोय. म्हणजे हे औषध निकामी झालं. आता सेकंड लाइन." सेकंड लाइन म्हणजे दुसऱ्या फळीची औषधं. गोळ्या जास्त, त्रासही जास्त होऊ शकतो. "तुमचे कागद तज्ज्ञांच्या समितीकडे पाठवते. पण वसंतराव, ती औषधंही निकामी झाली, तर त्यापुढं आपल्या हाताशी फारसं काही उरत नाही."

त्यांनी पेन उचललं. माझ्या खोटेपणावर एक डॉक्टर सही करणार होती आणि ती सही माझ्या आयुष्यावर होणार होती. डावीकडं विद्याताई बसल्या होत्या. बोललो तर छप्पर जाणार. नाही बोललो तर चांगलं चाललं असतं ते औषध जाणार.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "मी शुक्रवार-शनिवार घेत नव्हतो."

मग सगळंच बाहेर आलं. डबी, कापूस, बल्ब, बंब. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "बल्बच्या उबेला? अहो, गोळी उष्णतेनंसुद्धा खराब होते. ती पुडी ओल शोषायलाच होती." मग म्हणाल्या, "हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सांगितलं असतं तर! आता कागद थांबवते. तीन महिने एकही गोळी चुकवायची नाही. मग पुन्हा तपासू. औषध अजून चालतंय का, ते आज मला सांगता येणार नाही."

परत येताना विद्याताई सोबतच होत्या, आता मला ठेवणार की काढणार? मी विचारायचं धाडस केलं नाही. घरी आल्यावर मी माझी पिशवी भरली, दोन शर्ट, टॉवेल, फाइल, आणि कॉटवर बसून राहिलो. काढतीलच तर उजेडात काढावं, एवढंच मनात होतं. अंधार पडला. आठ वाजले. स्वयंपाकघरातून बाटल्यांची खुळखुळ ऐकू आली. मी उठलो नाही.

थोड्या वेळानं हौसामावशी दारात आल्या, माझी बाटली घेऊन. "हात फुडं कर."

"मावशी, मला जावं लागंल."

"जाशील तवा जा. आट वाजल्यात. हात फुडं कर."

मी हात पुढं केला. मागून विद्याताई आल्या, पिशवी बघून थबकल्या. "ही का भरलीय?"

मी फळ्यावरची ओळ सांगितली.

"अहो वसंतराव," त्या म्हणाल्या, "न चुकवणारी माणसं आपापल्या घरात राहतात. चुकतात त्यांच्यासाठीच हे घर आहे. पिशवी सोडा, आमटी निवतेय."

मला रडू आलं. मावशी पाण्याचा तांब्या धरून उभ्याच होत्या. गोळी गिळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

ते तीन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. शिंक आली तरी वाटायचं, गेलं, औषध निकामी झालं. रात्री जिभेवर बोट फिरवून बघायचो, पांढरं काही लागतं का. मावशींना रोज विचारायचो, "माझी बाटली नीट बंद केली का? पुडी आत आहे का?" त्या म्हणायच्या, "व्हय रं बाबा, येड लावशील." पण उठून झाकण बघायच्या.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरबाईंनी दार लावलं नाही. मला तेच आधी दिसलं. "टार्गेट नॉट डिटेक्टेड," त्या म्हणाल्या. म्हणजे विषाणू इतका कमी झालाय की मशीनला सापडला नाही. तो मेलेला नाही, अंगात दडून आहे, गोळी थांबली की परत वर येतो. पण औषध माझ्यावर अजून चालत होतं. मी जवळजवळ वर्षभर त्याची हेळसांड करूनही चालत होतं. त्या दिवशी मी त्या गोळीला हात जोडले.

आता मी सोमाटण्याजवळच एका खोलीत राहतो. विद्याताईंनीच बघून दिली, दर बुधवारी येऊन चक्कर टाकतात. गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये कामाला जातो. बाटली फळीवर आहे, चहाच्या डब्याशेजारी, पूर्ण नावानं. घरमालकाला मी काही सांगितलेलं नाही आणि मी धीट झालोय असंही नाही. जिन्यात पाऊल वाजलं की अजून माझा हात बाटलीकडं जातो. शेजारच्या वहिनी एकदा साखर मागायला आल्या, फळीकडं बघून म्हणाल्या, "बीपीची गोळी का?" "नाही, दुसऱ्या आजाराची आहे," मी म्हणालो. त्या साखर घेऊन गेल्या. ती संध्याकाळ मी घाबरतच काढली, पण बाटली हलवली नाही.

तुमच्या हातात आज अशी बाटली आली असेल तर ती कुठं लपवायची याचा विचार तुम्ही आत्ताच करत असाल. लोकांपासून लपवा हवं तर, तो तुमचा हक्क आहे. पण अशी जागा शोधू नका जिथं तुमचा स्वतःचा हात पोचणार नाही. आणि चुकलं तर डॉक्टरला सांगा, त्याच दिवशी. शिवाय एक माणूस शोधा, एकच पुरतं.

माझं माणूस त्या घरातच आहे. बाहेर पडलो तरी जोडी मोडायची नाही, असं मावशींनीच विद्याताईंना बजावलं. त्यांना फोनचं फक्त हिरवं बटण कळतं. ते दाबलं की माझाच नंबर लागतो, आणि बरोबर आठला माझा फोन वाजतो. मी बाटली फोनजवळ नेऊन हलवतो, त्यांना नीट ऐकू जावी म्हणून जरा जोरातच. पलीकडून त्या त्यांची वाजवतात. मग म्हणतात, "हात फुडं कर."

खोलीत मी एकटाच असतो. तरी हात पुढं करतो.